येशूनेच तलवार घ्यायला सांगितली होती ना, मग घरात ठेवली तर काय बिघडलं?

जय ख्रिस्त बाळा. तुझ्या एका प्रश्नात तीन प्रश्न गुंतलेत, म्हणून वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. सोलापुरात अक्कलकोट रोडला याचं घर, रविवारी संध्याकाळी घरात प्रार्थनासभा असते, बाया आणि लेकरंच जास्त. मागच्या महिन्यात काही पोरं आत घुसली, आरडाओरडा केला, खुर्च्या फेकल्या, मोबाईलवर शूटिंग केलं आणि परत येतो म्हणून दम देऊन गेली. आता याच्या चुलत भावांनी ऑनलाइन दोन तलवारी मागवल्यात, पार्सल अजून आलेलं नाही, आणि ते म्हणायलेत की प्रभूनेच सांगितलंय, वस्त्र विक पण तलवार घे. पाळकसाहेब म्हणतात दुसरा गाल पुढे करा, पोलिसात पण जाऊ नका. आणि यानं स्वतः एसआरपीएफचा, म्हणजे राज्य राखीव पोलीस दलाचा, फॉर्म भरलाय तर आई म्हणते ज्या हातात बंदूक धरणार त्याच हातानं प्रभुभोजन कसं घेणार.

माझी सगळी नोकरी पोलीस खात्यात गेली, आता मंडळीत वडील, म्हणजे एल्डर, आहे आणि तरुण संघाचा शास्त्राभ्यास घेतो. मी पास्टर नाही, थिऑलॉजी कॉलेजला गेलेलो नाही, त्यामुळे लिहिलेलं सगळं वचन उघडून तपासून बघ.

पहिलं काम, ती ऑर्डर कॅन्सल करा. कॅन्सल होत नसेल तर पार्सल दारातूनच परत पाठवा, पण घरात घेऊ नका. आर्म्स ॲक्टमध्ये नऊ इंचापेक्षा लांब किंवा दोन इंचापेक्षा रुंद पात्याचं हत्यार, जे घरकामाचं किंवा शेतीचं नाही, ते लायसन लागणाऱ्या यादीत येतं, तलवार तर नावानिशी आहे त्यात. पोलीस स्टेशनच्या भाषेत त्याला चार पंचवीस म्हणतात, म्हणजे त्याच कायद्याची कलमं ४ आणि २५. त्यात शहरात सणावाराला, इलेक्शनला महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम सदतीस एक आणि तीन, म्हणजे हत्यारबंदी-जमावबंदीचा हुकूम, सारखं लागू असतं, तेव्हा रस्त्यानं साधी काठी जरी हत्यार म्हणून घेऊन फिरलात तरी तो हुकूम मोडल्याचं कलम १३५ लागतं. "डेकोरेशनसाठी मागवली साहेब" हे वाक्य मी इतक्यांच्या तोंडून ऐकलंय की आता हसू पण येत नाही. आणि समज, ती पोरं परत आली आणि तुमच्या भावानं तलवार नुसती उपसून दाखवली, तर त्या क्षणी तुमची केस संपली. व्हिडिओत खुर्च्या फेकणारे दिसणार नाहीत, तलवारवाला दिसेल, तेवढीच क्लिप व्हायरल होईल, क्रॉस कम्प्लेंट पडेल आणि तुझे वडील, ज्यांच्या घरात लोक घुसले, ते आरोपी नंबर एक होतील. हे कायद्याचं झालं. पण कायदा बाजूला ठेवला तरी माझं उत्तर तेच आहे, आणि त्याचं कारण तुझे भाऊ जो अध्याय दाखवायलेत त्याच अध्यायात आहे.

लूक २२ पूर्ण वाच, एक ओवी नको. शेवटच्या भोजनाची रात्र आहे. प्रभू म्हणतो ज्याच्याकडे तलवार नाही त्यानं वस्त्र विकून ती घ्यावी, आणि लगेच पुढच्याच ओवीत कारण पण सांगतो, की "तो अपराध्यांत गणला गेला" हे यशयाचं वचन माझ्या बाबतीत पूर्ण व्हायचंय. शिष्य म्हणतात प्रभू, इथे दोन तलवारी आहेत. तो म्हणतो पुरे. आता विचार कर, अकरा माणसं, दोन तलवारी, आणि समोर मंदिराचे शिपाई येणार हे त्याला माहितीये. बंदोबस्त लावायचा असता तर मी माझ्या नोकरीत अकरा माणसांना दोन काठ्या देऊन कुठं पाठवलं नसतं. काही जण म्हणतात पुढच्या प्रवासात वाटमाऱ्यांपासून बचाव करायला सांगितलं असेल, असेल बाबा, रानावनातून चालणाऱ्या माणसाजवळ पातं असणं त्या काळात साधी गोष्ट होती, ते मी मान्य करतो. पण धर्मासाठी, सभेसाठी, प्रभूच्या नावासाठी तलवार काढायची असा अर्थ त्यातून निघत नाही हे मी ठामपणे सांगतो, कारण पेत्रानं नेमका तोच अर्थ काढला आणि काही तासांत त्याला उत्तर मिळालं.

गेथशेमाने बागेत पेत्रानं महायाजकाच्या दासाचा, मल्खाचा, उजवा कान कापला. पोलीसवाला म्हणून सांगतो, कान कापायला कोणी तलवार चालवत नाही, घाव डोक्यावरच होता, तो माणूस बाजूला झाला म्हणून वाचला. आजच्या भारतीय न्याय संहितेत ११८(२) बसलं असतं, जुनं ३२६, धारदार हत्यारानं गंभीर दुखापत. प्रभूनं कान जागेवर लावून दिला म्हणून मेडिकल सर्टिफिकेट मिळालं नसतं एवढंच! आणि मग तो पेत्राला म्हणतो तलवार म्यानात घाल, तलवार धरणारे तलवारीनेच नाश पावतील. हे सगळ्यांना पाठ असतं. पण यापुढची गोष्ट फार कमी जण बघतात, ती बघ. योहान १८:२६. त्याच रात्री अंगणात शेकोटीजवळ पेत्राला तिसऱ्यांदा विचारणारा माणूस कोण आहे? ज्याचा कान कापला त्याचा नातेवाईक. तो म्हणतो, बागेत मी तुला त्याच्याबरोबर बघितलं ना? आणि पेत्र सरळ नाही म्हणतो. लोक म्हणतात पेत्र घाबरट होता. घाबरट कसला, तो एकटा हत्यारबंद लोकांवर धावून गेलेला माणूस आहे. माझं म्हणणं असं की तलवार चालवल्यामुळं त्याच्याकडे लपवायला काहीतरी तयार झालं. मी त्याचा शिष्य आहे म्हणलं की मी कान कापणारा आहे हे पण कबूल करावं लागणार. हात चालला आणि तोंड बंद झालं. माझ्या नोकरीत हे कितीदा बघितलं, मार खाल्लेला माणूस ताठ मानेनं फिर्याद द्यायला येतो, आणि ज्यानं मार खाऊन उलट वार केला तो खरा असूनसुद्धा चाचरतो, अर्धं सांगतो, अर्धं गाळतो, आणि कोर्टात उलटतपासणीत आडवा होतो.

आता त्याच अध्यायात प्रभू काय करतो बघ. महायाजकासमोर एक शिपाई त्याला चापट मारतो. दुसरा गाल पुढे कर हे ज्यानं शिकवलं त्यानं इथे गप्प राहून गाल पुढे केला का? नाही. तो म्हणतो मी चुकीचं बोललो असेन तर तसं सिद्ध कर, बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस? हात वर नाही, शिवी नाही, पण सरळ सवाल, भर सुनावणीत, ऑन रेकॉर्ड. म्हणून पाळकसाहेबांचा पूर्ण मान ठेवून सांगतो, गाल पुढे करणं म्हणजे तोंड शिवून घेणं असा त्याचा अर्थ प्रभूनं स्वतःच्या वागण्यातून लावलेला नाही. आणि मत्तय ५ मध्ये उजव्या गालावरची चापट म्हणलंय, उजव्या हाताच्या माणसानं समोरच्याच्या उजव्या गालावर मारायचं तर हात उलटा करूनच मारावं लागतं, ती अपमानाची चापट आहे, खुनी हल्ला नाही. अपमान गिळायला शिका असं प्रभू म्हणतो आणि खरं सांगू का, आपल्याला तेच जमत नाही, जीव वाचवण्यापेक्षा नाक वाचवायला माणसं हत्यार काढतात. आणखी एक, गाल माझा असेल तर पुढे करायचा अधिकार माझा. सभेला आलेल्या विडी कामगार बाईचा गाल मी कसा काय पुढे करणार? तिला विचारलंय का कोणी?

पौलाचं उदाहरण तर पाळकसाहेबांना मुद्दाम दाखव, प्रेमानं. फिलिप्पैला त्याला आणि सीलाला चौकशी न करता फटके मारून तुरुंगात टाकलं, सकाळी गुपचूप सोडायला आले तर तो म्हणतो आम्ही रोमन नागरिक आहोत, उघड मारलं आणि आता चोरून सोडता का, त्या अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं. आणि प्रेषितांची कृत्ये २३ मध्ये तर चाळीसच्या वर माणसांनी शपथ घेतलीय की पौलाला मारल्याशिवाय अन्नपाणी घेणार नाही. त्याच्या भाच्याच्या कानावर हे आलं, त्यानं येऊन सांगितलं. पौल "प्रभू बघून घेईल" म्हणून बसला नाही आणि यरुशलेमेतल्या विश्वासणाऱ्या पोरांना काठ्या घेऊन या असं पण म्हणाला नाही, त्यानं भाच्याला थेट सरदाराकडे पाठवलं. सरदारानं रात्रीच्या रात्री दोनशे शिपाई, सत्तर घोडेस्वार आणि दोनशे भालेवाले देऊन त्याला कैसरियाला पोचवला. एका प्रार्थना करणाऱ्या माणसासाठी ४७० चा बंदोबस्त, आणि तो त्यानं नाकारला नाही. म्हणून पोलिसात जाणं म्हणजे विश्वास कमी पडला असं ज्याला वाटतं त्यानं आधी पौलाचा विश्वास मोजावा.

तुझे भाऊ जुन्या करारातल्या नहेम्याचं पण काढतील, यरुशलेमेचा कोट बांधताना एका हातात काम आणि एका हातात हत्यार. काढू दे. नहेम्या राजाची पत्रं घेऊन, राजाचे सरदार आणि स्वार बरोबर घेऊन आलेला यहूदाचा सुभेदार होता, गल्लीतला तरुण संघ नव्हता. मंदिरातून व्यापारी हाकलताना प्रभूनं घेतलेला दोऱ्यांचा कोरडा पण काढतील, त्यावर एवढंच की तिथे प्रभू स्वतःचा बचाव करत नव्हता, आणि बचाव करायची वेळ आली तेव्हा त्यानं काय केलं ते वर लिहिलंय.

आता खरा अवघड भाग. मध्यरात्री दार तोडून कोणी आत आलं, हातात कोयता आहे, समोर आई झोपलीय, तर काय? इथे मी "प्रार्थना कर" एवढंच सांगून मोकळा होणार नाही, कारण ते सांगणं सोपं आणि ऐकणाऱ्याला निरुपयोगी. निर्गम २२ मध्ये एक नियम आहे जो वाचून मी पहिल्यांदा चकितच झालो होतो. चोर घर फोडताना सापडला आणि मार लागून मेला तर मारणाऱ्यावर रक्तपाताचा दोष नाही. पण सूर्य उगवल्यावर तसं झालं तर दोष आहे. का? रात्री कोण आहे, किती आहेत, हातात काय आहे कळत नाही, मदत मिळत नाही. दिवसा ओळखता येतं, ओरडता येतं, धरता येतं, आणि चोराचा जीव पण जीवच आहे. आणि आपल्या न्याय संहितेचं कलम ४१ काढून बघ, मालमत्तेच्या बचावात समोरच्याचा जीव घेण्यापर्यंत अधिकार कधी जातो त्यात लिहिलंय, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी घर फोडणं. हजारो वर्षांच्या अंतरानं तोच सूर्य. शरीराच्या बचावाचं कलम ३८ आहे, जीव जाईल किंवा गंभीर दुखापत होईल अशी खरी भीती, बलात्कार, अपहरण, ॲसिड हल्ला, अशा वेळी समोरचा मेला तरी तो गुन्हा नाही. आणि कलम ३७ सगळ्याला लगाम घालतं, सरकारी मदत घ्यायला वेळ असेल तर अधिकार नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजा केली तर अधिकार नाही.

हा "गरजेपेक्षा जास्त" शब्द पोरांना कळत नाही म्हणून जरा उलगडून सांगतो. हल्ला करणारा पळायला लागला की तुमचा हक्क तिथेच संपला. जखम पाठीवर असली, पोस्टमॉर्टेममध्ये मागून घाव आला असं आलं, तर स्वसंरक्षण म्हणून कितीही ओरडा, तपास अधिकारी मान हलवतो आणि पुढचा कागद घेतो. कोर्ट सोन्याच्या काट्यावर तोलत नाही हे खरंय, घाबरलेला माणूस एक घाव जास्त घालू शकतो हे न्यायाधीशांना कळतं. पण पाठलाग करून मारलेला, दुसऱ्या दिवशी जाऊन मारलेला, चार मित्र गोळा करून मारलेला, याला बदला म्हणतात. आणि बदल्याबद्दल रोमकरांस १२ मध्ये एकही फट ठेवलेली नाही, सूड घेणं माझ्याकडे आहे असं प्रभू म्हणतो, विषय बंद.

मंडळीच्या इतिहासात यावर एकमत कधीच नव्हतं हे पण तुला माहिती पाहिजे, नाहीतर कोणीतरी एकच बाजू सांगून गप्प बसवेल. ऑगस्टीन हा मंडळीचा मोठा शिक्षक, चौथ्या-पाचव्या शतकातला, त्याचं मत गमतीशीर आहे, शिपायानं कर्तव्य म्हणून, दुसऱ्यांसाठी मारलं तर तो समजून घेतो, पण साध्या माणसानं स्वतःचा जीव वाचवायला दुसऱ्याचा जीव घेणं त्याला पटत नाही. म्हणजे आजकाल लोक मानतात त्याच्या बरोबर उलटं. पुढे तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसनं सांगितलं की हेतू जीव वाचवण्याचा असेल, मारण्याचा नसेल, आणि बळ मापात असेल तर चालतं, आजही रोमन कॅथोलिक शिकवण साधारण त्याच वाटेनं जाते. आणि तिसरी वाट ॲनाबॅप्टिस्ट नावाच्या ख्रिस्ती पंथाची, १५२७ ला श्लाइटहाइम इथे त्यांनी लिहून ठेवलं की ख्रिस्ताच्या माणसानं तलवार धरायचीच नाही. त्यांचेच पुढचे मेनोनाइट, छत्तीसगडात धमतरीला त्यांचं मिशन १८९९ पासूनचं आहे. हॉलंडमधला डर्क विलेम्स याच लोकांमधला, १५६९ ची गोष्ट, तुरुंगातून पळाला, मागे शिपाई लागला, गोठलेल्या पाण्यावरून हा पार गेला आणि शिपाई बर्फ फुटून बुडायला लागला. हा मागे फिरला, त्याला बाहेर काढला, त्यामुळे स्वतः पकडला गेला आणि जिवंत जाळला गेला. असल्या माणसावर हसायची माझी हिंमत नाही. पण ते त्यानं स्वतःच्या जिवाचं केलं. दुसऱ्याच्या लेकराच्या जिवाचा असा निर्णय मी घेऊ शकत नाही. म्हणून माझं मत, तुझ्या घरात कमजोर माणसावर कोणी धावून आलं तर मध्ये उभा राहा, ढकल, धर, हाताला लागेल ते वापर, आणि तो पडला की थांब, आणि मग त्यालाच पाणी पाज आणि ॲम्ब्युलन्स बोलव. हे पाप आहे असं मला नोकरीत वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. जीव गेलाच तर मात्र कायद्यानं सुटलास म्हणून देवासमोर हलक्यानं घेऊ नको, रडून प्रार्थना कर, त्याच्या घरच्यांसाठी पण.

पण बघ, यासाठी घरात तलवार लागते का? तो क्षण कधी येतो आणि बहुतेकांच्या आयुष्यात येतच नाही, हत्यार मात्र रोज घरात असतं. मी घरातलं हत्यार घरातल्याच माणसावर चाललेलं बघितलंय, भावकीत बांधावरून, दारू पिऊन, बायकोवर संशय घेऊन. चोरासाठी आणलेलं चोरावर चाललेलं मला तरी आठवत नाही. दाराला चांगली कडी लावा, बाहेर मोठा लाईट, कॅमेरा, शेजाऱ्यांचे नंबर, आणि ११२ फोन. यात शौर्य दिसत नाही म्हणून पोरांना ते आवडत नाही, बाकी काही नाही.

मार्टिन ल्यूथर किंग ज्युनियर सगळ्यांना अहिंसेसाठी माहितीये. १९५६ ला मॉन्टगोमरीत बसच्या बहिष्काराचा लढा चालू होता तेव्हा ३० जानेवारीला त्याच्या घरावर बॉम्ब टाकला, बायको आणि तान्ही मुलगी आत होती, दोघी वाचल्या. बाहेर चिडलेला जमाव, कित्येकांच्या हातात हत्यारं. त्यानं व्हरांड्यात उभं राहून सांगितलं की हत्यारं घरी घेऊन जा. पण त्याच काळात त्यानं स्वतः पिस्तुलाच्या परवान्याचा अर्ज केला होता, तो नामंजूर झाला, आणि घरात बंदुका पण होत्या. नंतर त्यानं त्या काढून टाकल्या. मला हा माणूस यासाठी जवळचा वाटतो, की तो आकाशातून पडलेला संत नव्हता, भीती त्याला पण वाटत होती, बायको-लेकरं त्याला पण होती, आणि तरी तो विचार करत करत त्या जागेला पोचला. तुझे भाऊ आज ज्या पायरीवर आहेत त्याच पायरीवर तो पण एकदा होता, म्हणून त्यांच्यावर ओरडू नको.

आणि आपल्याच देशातलं, ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुलं, ओडिशातल्या मनोहरपूरला जानेवारी १९९९ मध्ये गाडीत जिवंत जाळली. ग्लॅडिस स्टेन्सबाईंनी माफ केलं म्हणून जाहीर सांगितलं आणि बारीपद्याला कुष्ठरोग्यांचं काम चालू ठेवलं. पण केस काढून घ्या असं झालं का? केस चालली, मुख्य आरोपीची जन्मठेप सुप्रीम कोर्टानं २०११ ला कायम केली. माफ करणं बाईंचं काम, शिक्षा देणं कोर्टाचं काम. हे दोन आपण सारखे मिसळतो, एक तर माफ केलं म्हणून फिर्यादच देत नाही, नाहीतर फिर्याद दिली म्हणजे आता द्वेष करायला मोकळे.

आता आईचा प्रश्न, भरतीचा. पहिल्या तीन शतकांत मंडळीतले मोठे शिक्षक सैन्याच्या विरोधात होते हे खरंय. त्यातल्याच टर्टुलियननं लिहिलं की प्रभूनं पेत्राची तलवार काढून घेतली तेव्हा प्रत्येक सैनिकाच्या कमरेची काढून घेतली. मॅक्सिमिलियन नावाचा पोरगा, २९५ मध्ये, आजच्या अल्जेरियात, सैन्यात जायला नाही म्हणाला म्हणून त्याचं डोकं उडवलं. पण तोच टर्टुलियन दुसरीकडे रोमी अधिकाऱ्यांना ऐकवतो की तुमच्या छावण्या पण आमच्या लोकांनी भरल्यात. म्हणजे वरून नाही म्हणत होते आणि खाली पोरं भरती होत होती, आपल्याकडच्यासारखंच. शास्त्रात बघशील तर शताधिपतीचा, म्हणजे शंभर शिपायांवरच्या रोमी अधिकाऱ्याचा, विश्वास बघून प्रभूला आश्चर्य वाटलं, नोकरी सोड असं तो म्हणाला नाही. कर्नेल्य शताधिपती असतानाच पवित्र आत्मा पावला. आणि बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला शिपायांनी विचारलं आम्ही काय करावं, तर तो म्हणाला कोणाला दमदाटी करून लुबाडू नका, खोटा आरोप करू नका आणि पगारात समाधानी राहा. बाळा, ही तीन वाक्यं पाळून नोकरी करणं बंदूक चालवण्यापेक्षा अवघड आहे. गोळी झाडायची वेळ बहुतेकांवर पूर्ण नोकरीत येत नाही, पण खोटा पंचनामा, चहापाणी आणि कोठडीत हात उचलणं याची वेळ पहिल्याच वर्षात येते. आईनं काळजी करायचीच असेल तर त्याची करावी.

तुला ट्रेनिंगमध्ये शिकवतील, जमाव पांगवायचा तर आधी सूचना, आणि लाठी चालवायची तर कमरेखाली. रोमकरांस १३ मधली तलवार ही अशी आहे, नियमात बांधलेली, वरच्याला जाब देणारी. आणि तलवार सरकारच्या हातात आहे म्हणजे न्याय पण त्याच हातात आहे असंही समजू नको, सोलापूरच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, १९३० च्या मार्शल लॉमध्ये इथे राष्ट्रीय झेंडा घेऊन फिरणं गुन्हा ठरलं होतं आणि चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली, चार पुतळ्यांवरून जाताना तुझा ख्रिस्ती पोलीस असण्याचा प्रश्न तिथेच उभा आहे असं समज. चुकीचा हुकूम आला तर काय करशील ते फॉर्म भरतानाच ठरवून ठेव. अल्बर्ट एक्का, झारखंडचा ख्रिस्ती आदिवासी, १९७१ ला गंगासागरला लढून गेला, परमवीर चक्र मिळालं, त्याच्या गावच्या मंडळीला त्याची लाज वाटत नाही. आणि डेस्मंड डॉस म्हणून एक ॲडव्हेंटिस्ट पंथाचा ख्रिस्ती, त्यानं बंदूक हातात धरणार नाही म्हणून सांगितलं आणि तरी सैन्यात गेला, १९४५ ला ओकिनावाच्या कड्यावरून डझनावारी जखमी खाली उतरवले. दोघंही माझ्या हिशेबानं प्रभूचेच. तुझं मन डॉससारखं असेल तर एसआरपीएफ तुझी जागा नाही, ती हत्यारी तुकडी आहे, सोरेगावच्या ग्राउंडवर उतरायच्या आधीच ते मनाशी स्पष्ट कर.

राहिला येता रविवार. सभा बंद करू नका. दारात दोन मोठी माणसं उभी करा, हातात काही नको, फोनचा कॅमेरा चालू. गडबड झालीच तर बाया-लेकरं मागच्या दारानं शेजारी, एकानं ११२ लावायचा, बाकीच्यांनी शिवीला शिवी द्यायची नाही, जय अमुक जय तमुक पण नाही. झालेल्या प्रकाराचा लेखी अर्ज अजून दिला नसेल तर उद्याच द्या, महिना झाला म्हणून अडत नाही, उशीर का झाला ते खरं लिहा, भीती वाटत होती, एवढं पुरतं. काय झालं तेवढंच लिहा, कोणी पाठवलं असेल, कुठल्या संघटनेचे असतील असले अंदाज लिहू नका. घरात घुसणं, धमकी, आणि धार्मिक सभेत अडथळा आणणं, त्याला न्याय संहितेचं कलम ३०० आहे, हे वकिलाला दाखवून घ्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय उठायचं नाही. नाही घेतला तर भांडू नका, नमस्कार करून बाहेर या आणि तोच अर्ज वरिष्ठांना स्पीड पोस्टानं पाठवा, तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. भावांना पण बरोबर घेऊन जा, त्यांचा राग कागदावर उतरू दे. पाळकसाहेब येत असतील तर उत्तमच, पण फिर्याद तुझ्या वडिलांच्या नावानंच होऊ दे, मंडळीच्या नावानं नको, कारण घर त्यांचं आहे आणि साक्ष त्यांनाच द्यायची आहे.